'संगम' म्हणून का भागत नाही?

प्रश्न : मी तौलनिक साहित्याची विद्यार्थिनी आहे. वाचनात 'ट्रान्सकल्चरेशन' हा शब्द सतत येतो. वर्गात कोणी त्याचा अर्थ 'संस्कृतींचा संगम' असा सांगतं, कोणी 'सांस्कृतिक देवाणघेवाण'. परवा एका फ्यूजन नृत्याच्या कार्यक्रमपत्रिकेतही तो दिसला. या सगळ्यांना एकच म्हणायचं आहे का? 'अॅकल्चरेशन' हा शब्द आधीच असताना हा नवा कशाला काढला? आणि मराठीत आपण काय म्हणावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 'संगम' आणि 'देवाणघेवाण' हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत, आणि कार्यक्रमपत्रिकेतला वापर मला सरळ चुकीचा वाटतो. का, ते सांगायचं तर क्यूबात जावं लागेल. हा शब्द तिथे घडला, आणि तोही उसाच्या आणि तंबाखूच्या हिशेबातून.

घडवणारे फर्नांदो ऑर्तिझ (१८८१–१९६९). जन्म हवानाचा, बालपण स्पेनच्या मिनोर्का बेटावर, शिक्षण कायद्याचं. १९४० मध्ये हवानात त्यांचं एक विलक्षण पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'तंबाखू आणि साखर यांचा क्यूबन सवाल-जवाब' असा होतो. 'सवाल-जवाब' हा शब्द मी विचार करून योजला आहे. क्यूबाच्या खेड्यांत दोन गाणारे समोरासमोर येऊन एकमेकांना पद्यात कोंडीत पकडतात. कलगी-तुऱ्याचे फड ऐकलेल्यांना हे नवं नाही. ऑर्तिझनी त्या दोन गायकांच्या जागी दोन पिकं उभी केली. तंबाखू बेटावरची जुनी रहिवासी. लहानशा शेतात पान न् पान निरखून वाढवायची, एकेक करून खुडायची, हाताने वळायची. तिथे कसबाला किंमत आणि छोट्या शेतकऱ्याला जागा. साखर समुद्रापलीकडून आलेली. तिला मैलोगणती जमीन हवी, यंत्रं हवीत, परदेशी भांडवल हवं आणि राबायला माणसांचे तांडे हवेत. तोडलेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही तर काय होतं, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. क्यूबात त्या घाईची किंमत गुलामांनी मोजली.

गंमत अशी की या दोन्ही गायकांची नावं आपल्या घरात आहेत. आपली 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' आणि स्पॅनिशमध्ये 'आसुकार'. १४९३च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. 'ताबाको' उलट्या वाटेने पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि 'तंबाखू' झाला. १६०४-०५च्या सुमारास अकबराच्या दरबारात तंबाखू गेली, ती विजापूरहून परतलेल्या असद बेगच्या सामानातून. आणि 'बटाटा'? तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द. त्यांच्याकडे तो रताळ्याचा होता. पोर्तुगीजांनी तो आणला आणि आपण दुसऱ्याच कंदाला लावला.

आता याला 'देवाणघेवाण' म्हणायचा मोह होतो, तो इथेच आवरायला हवा. स्पॅनिश लोक क्यूबात ठाण मांडून बसले १५११ पासून. पुढच्या काही दशकांत युद्ध, सक्तीची मजुरी आणि नवे रोग यांनी ताइनो समाज जवळजवळ संपला. त्यांचा शब्द आपल्या ताटात पोचला, त्यांना त्याच्या बदल्यात काय मिळालं? देवाणघेवाणीला दोन हात लागतात, आणि दोन्ही हातांना नाही म्हणायची मुभा लागते.

ऑर्तिझना नेमकं हेच बोचत होतं. त्यांच्यासमोर चारशे वर्षांचा इतिहास होता. १७९१ मध्ये शेजारच्या सॅं-दोमिंग वसाहतीतल्या, म्हणजे आजच्या हैतीतल्या, गुलामांनी उठाव केला. तिथला साखरेचा धंदा कोसळला आणि ती जागा क्यूबाच्या मळेवाल्यांनी घेतली. १८३७ मध्ये हवाना ते बेहुकाल रेल्वे धावली, खुद्द स्पेनमध्ये पहिली रेल्वे सुरू होण्याच्या ११ वर्षं आधी, आणि ती धावली साखरेसाठी. सबंध काळात सुमारे ८ लाख आफ्रिकी माणसं या एका बेटावर विकायला आणली गेली. १८४७ ते १८७४ या वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास चिनी करारमजूर आले. त्यांची अवस्था गुलामांहून फार निराळी नव्हती. गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ मध्ये, म्हणजे ऑर्तिझ पाच वर्षांचे असताना. त्यांच्या तरुणपणी हवानाच्या रस्त्यांवरून पूर्वीचे गुलाम चालत होते.

या माणसांच्या जगण्याचं, देवांचं, भाषेचं काय झालं, हे सांगायला त्या काळी मानववंशशास्त्रात चलनात असलेला शब्द होता 'अॅकल्चरेशन'. रॉबर्ट रेडफील्ड, राल्फ लिंटन आणि मेल्व्हिल हर्सकोविट्स या तीन अमेरिकन अभ्यासकांनी १९३६ मध्ये त्याची व्याख्या पक्की केली होती. भिन्न संस्कृतींचे गट सतत आणि प्रत्यक्ष संपर्कात आले की एका गटाच्या किंवा दोन्ही गटांच्या मूळ घडणीत जे बदल होतात, ते 'अॅकल्चरेशन'. व्याख्येतलं 'किंवा दोन्ही गटांच्या' मी मुद्दाम ठेवलं आहे, त्या तिघांवर अन्याय नको. पण व्याख्या एक म्हणते आणि वापर दुसरीकडे जातो. प्रत्यक्षात हा शब्द एकेरी रस्त्यासारखा वापरला जाऊ लागला: स्थलांतरित अमेरिकन होतो, आदिवासी 'सुधारतो', गुलाम ख्रिस्ती होतो. बलवान आहे तिथेच उभा, दुबळ्याने त्याच्याकडे चालत जायचं. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्हस्की १९३९ मध्ये हवानात ऑर्तिझना भेटले, आणि त्यांनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी हाच आक्षेप घेतला: त्या शब्दाला जोडलेल्या लॅटिन उपसर्गातच 'कडे' असा रोख आहे, पोचायचं ठिकाण आधीच ठरलेलं आहे.

ऑर्तिझनी त्याऐवजी 'त्रान्सकुल्तुरासिऑन' हा शब्द पुढे केला. इंग्रजी वळणाने आपण त्याला ट्रान्सकल्चरेशन म्हणतो. त्यांच्या मते यात तीन गोष्टी घडतात. माणूस स्वतःच्या संस्कृतीतलं काही गमावतो. दुसऱ्याचं काही घेतो. आणि या गमावण्या-घेण्यातून असं काही उभं राहतं जे आधी दोघांकडेही नव्हतं. गमावण्याला त्यांनी 'देसकुल्तुरासिऑन' म्हटलं, नवं घडण्याला 'नेओकुल्तुरासिऑन'. या तीन गोष्टी रांगेत एकामागून एक येत नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्या एकमेकींत गुंतून चालू राहतात.

माझं म्हणणं आहे की या शब्दाचा खरा प्राण पहिल्या गोष्टीत आहे. घेणं आणि नवं घडणं सांगायला आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. संगम, मिलाफ, समन्वय, मिश्रण, संकर, फ्यूजन; त्यांतला एकही काय गेलं ते विचारत नाही. ऑर्तिझचा शब्द विचारतो. आफ्रिकी माणसं आपली शरीरं आणि मनं घेऊन आली, पण आपल्या संस्था आणि आपली हत्यारं-अवजारं आणू शकली नाहीत, असं ते सांगतात. किती नेमकं निरीक्षण आहे हे! ढोल कसा वाजवायचा हे त्या माणसाला माहीत आहे, पण ढोल नाही. न्यायनिवाडा कसा करायचा हे माहीत आहे, पण पंचायत नाही. एका गावची माणसं वेगवेगळ्या मळ्यांवर विकली गेलेली आणि एका बराकीत भिन्न भाषांची माणसं कोंबलेली. तिथे आईची भाषा बोलायची कोणाशी?

आणि तरीही काय उभं राहिलं ते पाहा. योरुबा बोलणाऱ्या लोकांना क्यूबात 'लुकुमी' म्हणत. त्यांचा शांगो हा मेघगर्जनेचा, विजेचा देव. कॅथलिकांची सांता बार्बरा ही विजेपासून राखणारी आणि तोफखान्यावाल्यांची पाठराखीण. क्यूबात ही दोघं एकमेकांशी जोडली गेली. देव पुरुष, संत स्त्री, पण कोणाचं काही अडलं नाही. रंग लाल आणि पांढरा, दिवस ४ डिसेंबर. मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला देवाने संतिणीचं वस्त्र पांघरलं, एवढाच अर्थ काही जण काढतात. सुरुवातीला तसं असेलही. पण नातवंडांच्या काळापर्यंत ते पांघरूण अंगाला चिकटून कातडी झालं होतं. आजचा क्यूबन शांगो योरुबांच्या प्रदेशातल्या शांगोसारखा हुबेहूब नाही, आणि क्यूबातली सांता बार्बराही स्पेनमधल्यासारखी उरलेली नाही. लुकुमी भाषा रोजच्या बोलण्यातून गेली. पूजेत आणि गाण्यांत मात्र राहिली. गमावणं, घेणं आणि घडणं इथे एकाच देव्हाऱ्यात दिसतं.

दुसरीही गोष्ट ऑर्तिझ ठासून सांगतात, आणि ती 'अॅकल्चरेशन'च्या रूढ वापरात बसत नाही: मालकही बदलला. क्यूबात आलेला स्पॅनिश माणूससुद्धा आपल्या मुळांपासून तुटलेला होता. त्याचं बोलणं, खाणं, नाचणं, तोंडातला धूर, सगळं बेटाने बदललं. अर्थात दोघांचं तुटणं सारखं नव्हतं. एक पैसा कमवायला आला होता, दुसरा साखळदंडात.

ऑर्तिझ इथवर सहज पोचले नव्हते, आणि म्हणून मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो. १९०६ मध्ये त्यांनी क्यूबातल्या कृष्णवर्णीयांच्या पूजापद्धतींवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं, ते गुन्हेगारीशास्त्राच्या चष्म्यातून. प्रस्तावना इटलीच्या चेझारे लोंब्रोझो यांची. चेहऱ्यामोहऱ्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं मानणारे हेच ते गृहस्थ. त्या पुस्तकात हे देव आणि हे ढोल म्हणजे समाजाचा रोग होता. पुढची तीस-पस्तीस वर्षं ऑर्तिझ त्याच ढोलांजवळ बसले, वादकांना विचारत राहिले, ऐकत राहिले. १९४०चा शब्द त्या ऐकण्यातून आला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये हवाना विद्यापीठातल्या व्याख्यानात त्यांनी क्यूबाला 'अहियाको'ची उपमा दिली. अहियाको म्हणजे मोठ्या भांड्यात रटरटणारा कंदमुळांचा आणि मांसाचा रस्सा. मका, कसावा, रताळी, मिरची ही ताइनोंची देणगी, मांस स्पॅनिशांचं, आफ्रिकी आणि चिनी हातांनी पुढे भर घातली. चूल विझत नाही आणि वरून सतत नवं पडत राहतं. तळाशी सगळं विरघळून गेलेलं, वरचे तुकडे अजून अख्खे. अमेरिकेत तेव्हा 'मेल्टिंग पॉट'ची प्रतिमा लोकप्रिय होती, इझ्राएल झँगविल यांच्या १९०८च्या नाटकाने रुळवलेली. तिथे धातू वितळून शेवटी एकजीव होतो. अहियाको कधीच पुरता शिजून होत नाही. हा फरक लहान नाही.

आता आपल्याकडे. हा शब्द आपल्या भूमीवर खरा उतरतो तो, मला वाटतं, गोव्यात. १५६७ मध्ये सासष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली. धर्मांतर झालेल्यांच्या हातून कीर्तन गेलं, पुराण गेलं, सणांची गाणी गेली. आणि १६१६ मध्ये, त्याच सासष्टीतल्या रायतूर इथे, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेलं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं: मराठी भाषा, ओवी छंद, सुमारे ११ हजार ओव्या, लिपी रोमन. जुनी पुराणं बंद झाली, आता आम्ही वाचावं काय, असं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, अशी त्याची सुरुवात आहे. स्वर्गाला तिथे वैकुंठ म्हटलं आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेने चालणारी ओवी बायबलची कथा सांगते. मराठीच्या अभ्यासकांनी या ग्रंथाच्या गोडव्याचं भरभरून कौतुक केलं आहे आणि ते रास्त आहे. पण केवळ 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' म्हणून थांबलो, तर त्या ब्राह्मणाचा प्रश्न आपण ऐकलाच नाही असं होईल. तो प्रश्न गमावण्याचा आहे. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, म्हणजे घडलेलं नवंही सुरक्षित नव्हतं. क्रिस्तपुराणाला ट्रान्सकल्चरेशनचं फळ म्हणा. तीनही गोष्टी तिथे आहेत.

तुमच्या विषयात, साहित्यात, हा शब्द आणला उरुग्वेचे समीक्षक आंखेल रामा यांनी. १९८२ मध्ये त्यांचं लॅटिन अमेरिकेतल्या कथनात्म साहित्यावरचं पुस्तक आलं. शीर्षकातच हा शब्द आहे. त्यांचा मुख्य नायक पेरूचा कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास. हा गोरा मुलगा घरातल्या केचुआ भाषक नोकरांमध्ये वाढला आणि मोठेपणी स्पॅनिशमध्ये लिहू लागला, पण त्याच्या स्पॅनिशला केचुआचा लहेजा होता आणि त्याच्या कादंबऱ्यांत केचुआ गाणी होती. १९५८ची 'लोस रिओस प्रोफुंदोस' जरूर वाचा. १९६८ मध्ये एक पारितोषिक स्वीकारताना आर्गेदासने, आपण 'अॅकल्चरेटेड' माणूस नाही, असं निक्षून सांगितलं. म्हणजे ऑर्तिझना ज्या शब्दाची अडचण वाटली, तोच शब्द एका कादंबरीकारालाही अंगावर नको होता. मेरी लुईस प्रॅट यांनी १९९२ मध्ये प्रवासवर्णनांवरच्या पुस्तकात हा शब्द इंग्रजी समीक्षेत रुळवला. त्यांचं लाडकं उदाहरण ग्वामान पोमाचं: १६१५च्या सुमारास या आंदीयन माणसाने स्पेनच्या राजाला सुमारे १२०० पानांचं, जवळजवळ ४०० चित्रांचं पत्र लिहिलं, जिंकणाऱ्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच इतिहासलेखनाच्या थाटात, मधूनमधून केचुआ मिसळून. ते पत्र १९०८ मध्ये कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं.

या शब्दावर टीका झाली आहे, आणि ती तुम्ही परीक्षेपुरती नाही तर मनापासून वाचावी. पेरूचे समीक्षक आंतोनियो कोर्नेहो पोलार यांना भीती होती की असे शब्द शेवटी सगळ्या जखमा एका सुखी मिश्रणात बुडवून टाकतात. काही समाजांत तुकडे जुळतच नाहीत, ते तसेच खटके उडवत शेजारी राहतात; त्यासाठी त्यांनी 'विषमांगता' या अर्थाची संज्ञा वापरली. त्यांची भीती निराधार नव्हती. 'आम्ही सगळेच मिश्र' असं अभिमानाने म्हणणाऱ्या क्यूबातच १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पक्षाने उठाव केला तेव्हा सैन्याने आणि सशस्त्र टोळ्यांनी हजारो कृष्णवर्णीय मारले. मला वाटतं, इथे दोष शब्दाचा कमी आणि वापरणाऱ्यांचा जास्त आहे. गमावण्याचा भाग गाळून तो वापरला की तो झाकण बनतो.

म्हणूनच कार्यक्रमपत्रिकेतला वापर मला पटत नाही. दोन प्रशिक्षित कलावंत आपल्या मर्जीने दोन शैली एकत्र करतात, ते फ्यूजन. चांगला शब्द आहे, त्यात कमीपणा नाही. 'बहुसांस्कृतिक' हे निरनिराळे समाज एका राज्यात नांदण्याचं वर्णन आहे. कॅनडाने १९७१ मध्ये ते सरकारी धोरण केलं. एम. एन. श्रीनिवास यांचं 'संस्कृतीकरण' आणखी वेगळं, जातींच्या उतरंडीत वरच्यांचे आचार उचलण्याविषयीचं. यांच्याशी गल्लत करू नका.

मराठीत मी 'संस्कृतिसंक्रमण' म्हणेन. सूर्य एक रास सोडतो आणि दुसरीत जातो, त्याला आपण संक्रमण म्हणतो. सोडणं त्या शब्दात आहे. काही लेखक तो 'अॅकल्चरेशन'साठी वापरतात, त्यामुळे निबंधात पहिल्यांदा लिहिताना 'ऑर्तिझच्या अर्थाने' असं जोडा. ते नको असेल तर सरळ 'ट्रान्सकल्चरेशन' लिहा. ऑर्तिझचं पुस्तक हॅरिएट दे ओनिस यांच्या १९४७च्या इंग्रजी अनुवादात वाचता येईल. शब्द ज्यात मांडला आहे ते प्रकरण अवघ्या काही पानांचं आहे. तिथून सुरुवात करा, मग तंबाखू आणि साखरेच्या सवाल-जवाबाकडे वळा.